पेपरबरोबर फुकट मिळणाऱ्या गाण्यांच्या सीडी एवढ्या रद्दी का असायच्या?

सुई_अडकली (धागाकर्ता)

विषय जुना आहे, स्ट्रीमिंगच्या जमान्यात तर पार निरुपयोगी. पण साधारण २००० ते २०१० या काळात जे कोणी इंग्लंडात होते त्यांच्या घरी हा ऐवज हमखास असणार, म्हणून धागा काढतोय. ज्यांना जिलबी (म्हणजे उगाच काढलेला धागा) वाटेल त्यांनी पुढच्या धाग्याकडे वळावे.

शनिवार-रविवारच्या पेपरबरोबर पातळ पुठ्ठ्याच्या पाकिटात एक सीडी यायची. पहिल्या पानावर, पेपरच्या नावाच्याही वर, भडक पट्टी: 'आत मोफत! साठच्या दशकातली पंधरा अजरामर गाणी. किंमत १२.९९ पौंड.' ही १२.९९ कुठून काढायचे देव जाणे, कारण ती सीडी दुकानात कधीच विकायला नसायची. उलट पाकिटावरच 'विक्रीसाठी नाही' असं छापलेलं. म्हणजे जी वस्तू विकताच येत नाही तिची किंमत पहिल्या पानावर.

पहिलं गाणं बहुतेक वेळा खरंच चांगलं असे. दुसरं त्याच गायकाचं, पण कोणी ऐकलं नसेल असं. तिसऱ्यापासून उतार. कुठे मैफिलीतलं रेकॉर्डिंग, ज्यात टाळ्या जास्त आणि गाणं कमी. कुठे मूळ साडेपाच मिनिटांचं गाणं तीन मिनिटांत कापलेलं. शेवटची दोन कोणा नवख्या मुलीची, जिचा अल्बम पुढच्या महिन्यात येणार. काही तबकड्या संगणकात घातल्या की गाण्यांआधी मोबाइल कंपनीची जाहिरात आपोआप सुरू व्हायची.

हे सगळं एकवेळ सोडून देऊ. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं म्हणाल तर मान्य. माझा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे.

पेपरचं नाव घेत नाही. साठच्या दशकातल्या सोल संगीताची सीडी होती. पाकिटावर मूळ गायकाचं नाव, त्याचा तरुणपणचा काळापांढरा फोटो. सीडी लावली आणि पहिल्या ठोक्यालाच कळलं, हा ढोल माणसाने वाजवलेला नाही, ड्रम मशिन आहे. मूळ गाण्यात जिथे ट्रंपेट आणि सॅक्सोफोन एकदम अंगावर येतात तिथे कीबोर्डवरचं 'ब्रास' लिहिलेलं बटण दाबलेलं. गायक तोच. आवाज ओळखता येतो. पण वय वीस-पंचवीस वर्षांनी वाढलेलं, पट्टी एक सूर खाली उतरवलेली, आणि दुसऱ्या कडव्यानंतर ज्या जागी तो गडी वरचा स्वर फाडून ओरडतो (त्या एका ओरडण्यासाठी लोक ते गाणं ऐकतात हो!) तिथे त्याने सरळ माघार घेतलेली आणि मागच्या दोन बायकांनी वेळ मारून नेलेली. पाकीट उलटं केलं. अगदी तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत: 'काही गाणी मूळ कलाकारांनी नव्याने ध्वनिमुद्रित केलेली आहेत.'

'काही' म्हणजे पंधरापैकी किती, ते मात्र लिहिलेलं नाही.

तर प्रश्न असे. हे कोण ठरवायचं? यात पैसे कोणाला मिळायचे? आणि कोणाला एखादी तरी खरोखर चांगली सीडी मिळाली होती का? ज्याला मिळाली असेल त्याने नावासकट सांगावं.

टेम्सकाठचा_टवाळ

आमच्या अलॉटमेंटवर (भाड्याने घेतलेला बागेचा तुकडा) कोबीच्या वाफ्यावर दोऱ्याने टांगल्यात. ऊन पडलं की चकाकतात, कबुतरं लांब राहतात. त्यातल्या एकीवर 'रोमँटिक पियानो' असं लिहिलंय.

हक्कदार

या धंद्याच्या हिशेबाच्या बाजूला काही वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे गीतकार-संगीतकाराचा. दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा, ज्याला धंद्यात 'मास्टर' म्हणतात. रचनेचे पैसे ब्रिटनमध्ये एमसीपीएस नावाची संस्था गोळा करते, त्यांचे दर ठरलेले असतात, त्यात फार घासाघीस नाही. घासाघीस मास्टरवर. गाजलेल्या गाण्याचा मूळ मास्टर मोठ्या कंपनीकडे असतो, आणि लाखो प्रती फुकट वाटायला तो स्वस्तात का द्यावा? उद्या तेच गाणं त्यांना स्वतःच्या संग्रहात विकायचं असतं.

आता गायकाची बाजू बघा. जुन्या करारांत एक कलम असे: अमुक वर्षं हेच गाणं दुसऱ्या कोणासाठी पुन्हा रेकॉर्ड करायचं नाही. ती मुदत संपली की गायक मोकळा. साठच्या दशकातल्या कित्येकांना मूळ रेकॉर्डमधून फारसं काही मिळालं नव्हतं. मग ऐंशी-नव्वदच्या दशकात एखादी स्वस्त संग्रह काढणारी कंपनी यायची, चार दिवसांत वीस गाणी पुन्हा गाऊन घ्यायची, हातात रोख रक्कम ठेवायची. स्टुडिओत ब्रास वाजवणारे चार जण बोलावण्यापेक्षा कीबोर्ड परवडतो. तुमचं ड्रम मशिन तिथून आलं. या नव्या मास्टरचा मालक ती स्वस्तवाली कंपनी. पेपरचा जाहिरात विभाग तिच्याकडे जातो आणि म्हणतो, अमुक गायक, अमुक गाणं, वीस लाख प्रती, प्रतीमागे किती पेनी? सौदा तिथेच होतो. गाणं ऐकून निवडणारा माणूस या साखळीत कुठेच नसतो. पाकिटावर छापायला ओळखीची नावं मिळाली की काम झालं.

त्यामुळे धागाकर्त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: ठरवायची ती खप वाढवणारी मंडळी. संगीताच्या पानावर लिहिणाऱ्यांना बऱ्याचदा सोमवारी कळायचं.

खडूस_काका

यात नवल ते काय? आपल्याकडे टी-सिरीजने ऐंशीच्या दशकात हेच केलं. जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली आणि निम्म्या किमतीत कॅसेट विकली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५२(१)(जे) कलमाची फट होतीच. मूळ रेकॉर्ड निघून दोन वर्षं झाली की नोटीस द्या, रॉयल्टी भरा, काढा तुमची आवृत्ती. इंग्रज साहेबाने तेच केलं तर लगेच धागा!

सुई_अडकली

काका, फरक आहे. त्या कॅसेटवर गाणाऱ्याचं नाव असायचं. गायक दुसरा आहे हे घेणाऱ्याला ठाऊक होतं आणि कित्येकांना ते आवाज आवडलेही. सोनू निगम, अनुराधा पौडवाल यांना घराघरात नेलं ते त्याच कॅसेटींनी. इथे गायक खरा, नाव खरं, फोटो खरा आणि माल वेगळा. तक्रार करायला जावं तर खोटं काहीच सापडत नाही.

खडूस_काका

बरं. हे मान्य. फोटो जुना आणि आवाज नवा हे जरा लग्न जमवणाऱ्यांसारखं झालं.

नाक्यावरचा_पेपरवाला

विद्यार्थी असताना वेम्बलीत एका गुजराती काकांच्या दुकानात शनिवार-रविवार काम करायचो. त्यामुळे मी या सीडींची दुसरी बाजू पाहिलीय, ती लिहितो.

पहाटे साडेचार-पाचला गठ्ठे यायचे. रविवारचा पेपर एका तुकड्यात येत नाही. मुख्य अंक वेगळा, खेळाची पुरवणी वेगळी, मासिक वेगळं, आणि जाहिरातींचे कपटे वेगळे. हे सगळं दुकानात हाताने एकात एक घालायचं. थंडीत हातमोजे घालून पानं सुटत नाहीत आणि हातमोजे काढले तर बोटं काळी. सीडी असली की आणखी एक खोका. सीडी पेपरात घालून मांडली तर आठच्या आत निम्मी चोरीला. लोक पेपर उघडायचे, पाकीट काढायचे, कोटाच्या खिशात टाकायचे आणि दूध घेऊन निघून जायचे. म्हणून काका सगळ्या सीडी गल्ल्याखाली ठेवायचे. गिऱ्हाइकाने पैसे दिले की वाकून एक काढून द्यायची. सकाळभर ते वाकणं माझ्याकडे!

गंमत वेगळीच. नेहमीचे म्हातारे गिऱ्हाईक सीडी परत द्यायचे, 'मला नको, तुझ्याकडेच ठेव.' आणि एरवी तोंड न दाखवणारे लोक त्या एका दिवशी यायचे, पेपर घ्यायचे, सीडी काढून पेपर दाराबाहेरच्या कचरापेटीत टाकायचे. अख्खा पेपर, घडीसुद्धा न मोडता. काका गुजरातीत जे म्हणायचे ते इथे लिहिलं तर संपादक मंडळ प्रतिसाद उडवेल. पुढच्या रविवारी त्यातला एकही परत यायचा नाही.

जादा अंक मागवा म्हणून आठवडाभर आधी फोन, आणि न विकलेले परत करताना सीडीसकट मोजून द्या ही अट. हिशेबात पाकीट कमी भरलं की वाद. एवढं करून दुकानदाराच्या हाती प्रतीमागे सुटायची ती नेहमीचीच चिल्लर.

तिरकस_तारा

पेपरवाले, जबरदस्त प्रतिसाद. पण मग एक कळत नाही. गिऱ्हाईक टिकत नाही हे दुकानात उभ्या असलेल्या पोराला दिसतं, तर ते पेपरच्या मालकांना दिसत नव्हतं का?

हक्कदार

दिसत होतं ताई. पण तेव्हा खपाचे आकडे एबीसी ही संस्था तपासायची आणि ते महिन्याच्या सरासरीने जाहीर व्हायचे. रविवारच्या पेपरला महिन्यात चार, फार तर पाच अंक. त्यातल्या एका रविवारी काही लाख जादा खपले की अख्ख्या महिन्याची सरासरी वर जाते. जाहिरातदारासमोर ठेवायला तो आकडा पुरतो. शिवाय समोरच्याने सीडी दिली आणि आपण नाही दिली तर आपली सरासरी पडलेली दिसते. एकाने सुरू केलं की दुसऱ्याला थांबता येत नाही. वाचक परत येतो की नाही हा प्रश्न पुढच्या महिन्याचा.

ओटूला_गेलेली

सगळ्यांना एका मापाने मोजू नका! १५ जुलै २००७. 'मेल ऑन संडे'बरोबर अमेरिकी गायक प्रिन्सचा 'प्लॅनेट अर्थ' मिळाला. संग्रह नाही, जुनी गाणी नाहीत, अख्खा नवाकोरा अल्बम. तोही दुकानात यायच्या आधी. जवळपास तीस लाख अंक छापले होते म्हणे. ब्रिटनमध्ये तो अल्बम काढणार होती सोनी बीएमजी. ही बातमी फुटल्यावर त्यांनी इथल्या प्रकाशनातून अंगच काढून घेतलं. दुकानदारांची संघटना चवताळली. एचएमव्ही या सीडी दुकानांच्या साखळीच्या प्रमुखांनी याला वेडेपणा म्हटलं, आणि मग त्याच एचएमव्हीने त्या रविवारी स्वतःच्या दुकानांत 'मेल ऑन संडे' विकायला ठेवला! अल्बम गिऱ्हाइकाला द्यायचा दुसरा मार्गच उरला नव्हता.

त्याच ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये प्रिन्सच्या लंडनच्या ओटू अरीनात एकवीस रात्री झाल्या. तिकीट ३१ पौंड २१ पेनी, कारण त्याच्या आधीच्या अल्बमचं नाव '३१२१'. तिकिटाबरोबरही तीच सीडी. मी एका रात्री होते. तो माणूस काय चीज होता हे इथे लिहून सांगता येणार नाही, सोडून देते. मुद्दा एवढाच की फुकट दिलं म्हणून ते टाकाऊ नव्हतं. त्यातल्याच एका गाण्याला २००८ मध्ये ग्रॅमी मिळालं.

सुई_अडकली

ग्रॅमीचं ठीक, पण अल्बम म्हणून तुम्ही तो नंतर किती ऐकलात? खरं सांगा.

ओटूला_गेलेली

दोन गाणी अजून ऐकते. बाकीची... बरं, गप्प बसते. तरी ड्रम मशिनवाल्या आजोबांपेक्षा केव्हाही सरस!

टेम्सकाठचा_टवाळ

२०१० मध्ये प्रिन्सने पुन्हा तेच केलं. 'ट्वेंटीटेन', 'डेली मिरर' आणि स्कॉटलंडात 'डेली रेकॉर्ड'बरोबर. आमच्या हिने आणला. प्लेअरवर आकडा आला: ७७ गाणी. म्हटलं, वा, फुकटात ७७! पहिली नऊ गाणी झाली आणि दहाव्यापासून शांतता. काही सेकंदांचे रिकामे तुकडे, ओळीने, शहात्तरपर्यंत. सत्त्याहत्तरावर शेवटचं गाणं लपवलेलं. आम्हाला वाटलं सीडी खराब, म्हणून काढून ठेवली. त्याच सुमारास 'मिरर'ला मुलाखत देताना साहेब म्हणाले होते की इंटरनेटचे दिवस संपले. एकूण प्रकृती मजेशीर.

रेकॉर्डवाली_गल्ली

मी त्या काळात मिडलंड्समधल्या एका छोट्या रेकॉर्डच्या दुकानात होतो. दुकान आता नाही. ओटूला_गेलेली यांना जो आनंद झाला तो आमच्या पोटावर होता, हे नम्रपणे नमूद करतो.

प्रिन्सचं निदान त्याचं त्याने ठरवलेलं. एप्रिल २००७ मध्ये 'मेल ऑन संडे'नेच माइक ओल्डफील्डचं 'ट्युब्युलर बेल्स' वाटलं. १९७३ चा अल्बम, व्हर्जिन रेकॉर्ड्सने काढलेला पहिलाच, ज्याच्यावर ती कंपनी उभी राहिली. व्हर्जिन नंतर ईएमआयकडे गेली, हक्क ईएमआयकडे, त्यांनी पेपरला देऊन टाकला. आपल्याला कोणी विचारलंही नाही अशी ओल्डफील्डची जाहीर नाराजी होती. हक्क लवकरच त्याच्याकडे परत जाणार होते, म्हणजे जाता जाता घरातली भांडी विकल्यासारखंच. लाखो घरांत तो अल्बम पोचला. आमच्या फळीवर त्याच्या प्रती होत्या, नऊ पौंडांना. सोमवारी एक बाई आल्या, त्यांनी ती प्रत उचलली, मागची किंमत बघितली आणि हसून परत ठेवली. काही बोलल्या नाहीत.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'संडे टाइम्स'ने गायक रे डेव्हिसचा नवा अल्बम वाटला. पुढच्या वर्षी 'मेल ऑन संडे'ने बीटल्सवाल्या मॅकार्टनीचा. तोवर लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की संगीत म्हणजे पेपरच्या आत सापडणारी वस्तू. सगळा दोष सीडींचा नाही, ऑक्टोबर २००७ मध्ये रेडिओहेड या बँडने 'हवे तेवढे पैसे द्या' म्हणून अल्बम इंटरनेटवर ठेवलाच होता, डाउनलोड त्याच्याही आधीपासून. पण चोरून डाउनलोड करणाऱ्याला आपण चोरतोय हे माहीत असायचं. पेपरने तेवढीही बोचणी ठेवली नाही.

लेस्टरची_मावशी

सगळे रडताय म्हणून मुद्दाम लिहिते. मी २००३ साली लग्न होऊन इथे आले. नवरा दिवसभर कामावर, टीव्हीवरचं इंग्रजी अर्धं कळायचं नाही, आणि गाणी म्हणजे सोबत आणलेल्या भीमसेनजींच्या आणि किशोरीताईंच्या कॅसेट. जॅझ हा शब्द फक्त ऐकून माहीत. शेजारच्या आजी त्यांच्या पेपरमधल्या सीडी मला आणून द्यायच्या. त्यात बेसी, एलिंग्टन, बिली हॉलिडे, लुई आर्मस्ट्राँग. स्वयंपाक करताना लावायचे. हॉलिडेबाई तालाच्या किंचित मागे राहून शब्द टाकतात ना, ते ऐकून मला ठुमरी आठवली आणि मी अडकले ती अडकलेच. त्या सीडींत एकही ड्रम मशिन नव्हतं हो! सगळं मूळ, जुनी खरखर असलेलं. मग तुम्हालाच कशा सगळ्या रद्दी मिळाल्या?

सुई_अडकली

मावशी, हे रोचक आहे. माझ्याकडेही पन्नासच्या दशकातल्या रॉक अँड रोलची एक आहे आणि ती खरंच मूळ रेकॉर्डिंगची आहे. मला वाटलं चुकून चांगली निघाली. साठ-सत्तरच्या दशकातल्या मात्र एकजात भेसळीच्या. हक्कदार, यामागे काही आहे का?

हक्कदार

आहे, आणि मावशींनी नेमकं बोट ठेवलं. ब्रिटनमध्ये तेव्हा ध्वनिमुद्रणाचा हक्क पन्नास वर्षांचा होता. पन्नास वर्षं झाली की मास्टर सगळ्यांचा. एल्विस प्रेस्लीची १९५४ ची पहिली रेकॉर्ड १ जानेवारी २००५ ला मोकळी झाली. २००७ चा पेपर १९५६ पर्यंतचं काहीही मूळ रूपात छापू शकत होता. मास्टरसाठी कोणाला एक पेनी न देता. फक्त रचनेचे पैसे भरायचे. आर्मस्ट्राँग, हॉलिडे, एलिंग्टन यांचा उत्तम काळ नेमका त्या रेषेच्या अलीकडचा. म्हणून मावशींना अस्सल माल मिळाला. साठच्या दशकातला सोल रेषेच्या पलीकडचा, मूळ मास्टर महाग, म्हणून धागाकर्त्याला कीबोर्ड.

म्हणजे गाणं जितकं जुनं तितकी फुकट सीडी चांगली. निवडणाऱ्याच्या कानाचा काही संबंध नाही, सगळी कायद्याची करामत.

पुढे १ नोव्हेंबर २०१३ पासून ही मुदत सत्तर वर्षं झाली. जे आधीच मोकळं झालं होतं ते मोकळंच राहिलं, म्हणजे १९६२ पर्यंतचं. बीटल्सची पहिली एकेरी रेकॉर्ड १९६२ ची, ती निसटली. १९६३ पासूनचं अडकलं. आपल्याकडे भारतात ही मुदत साठ वर्षं आहे.

तिरकस_तारा

हा प्रतिसाद वाचनखुणेत साठवला. धाग्याचं सार्थक.

खडूस_काका

सार्थक कसलं, एल्विसच्या वारसांना विचारा.

मॉस्को_रिटर्न

अवांतर आहे, पण राहवत नाही. मी सत्तरच्या दशकाच्या शेवटी मॉस्कोत शिकायला होतो. तिथे 'क्रुगोझोर' नावाचं मासिक निघायचं, १९६४ पासून. त्याच्या पानांमध्येच पातळ, निळ्या, वाकणाऱ्या प्लास्टिकच्या रेकॉर्ड शिवलेल्या असत. अंकाच्या बरोबर मध्यभागी आरपार भोक. मासिक घडी घालून तसंच्या तसं रेकॉर्ड प्लेअरवर ठेवायचं आणि सुई टेकवायची! रेकॉर्ड घसरू नये म्हणून वर एखादं नाणं. एका तबकडीवर कवी स्वतःची कविता वाचतोय, दुसरीवर कुठल्या तरी प्रजासत्ताकातलं लोकगीत, शेवटच्यावर एखादं पाश्चात्त्य गाणं, आणि त्या शेवटच्यासाठी वसतिगृहात मारामारी. आवाज भिकार, पण आम्ही ते झिजेपर्यंत ऐकलं. ती पुरवणी नव्हती, अंकच तो होता. मला वाटतं फरक तिथे पडतो.

टेम्सकाठचा_टवाळ

काका, मासिक प्लेअरवर ठेवायचं, हे वाचून थक्क. फोटो असेल तर टाका ना.

मॉस्को_रिटर्न

पुण्याच्या घरी असेल माळ्यावर. पुतण्याला सांगतो.

पाचवी_काळी

मासिकांचा विषय निघाला म्हणून. 'बीबीसी म्युझिक मॅगझिन' १९९२ मध्ये निघालं तेव्हापासून प्रत्येक अंकाबरोबर सीडी, आणि त्यावर सिंफनी अख्खी, चारही भाग. पेपरच्या 'शास्त्रीय संगीताचे तुषार' छापाच्या सीडीत दुसरा भाग चार मिनिटांनी हळूच विझवलेला असायचा, ते इथे कधीच नाही. कारण सरळ आहे, बीबीसीचे स्वतःचे वाद्यवृंद आहेत आणि स्वतःची रेकॉर्डिंग. बाहेरून काही विकत आणायचं नाही. 'मोजो' मासिकाच्या सीडीही चांगल्या असत. त्यातली नवी गाणी कंपन्या प्रसिद्धीसाठी स्वतःहून देत, आणि ती एकामागे एक कशी लावायची याचा कोणीतरी विचार केलेला कळायचा.

'एनएमई' या संगीत साप्ताहिकाची १९८१ ची 'सी८१' कॅसेट तर आजही लोक शोधतात. ती मात्र अंकाबरोबर फुकट नव्हती. कूपन कापून, थोडे पैसे जोडून पोस्टाने मागवावी लागायची. ज्याला हवी त्यालाच मिळायची. पेपरची सीडी न मागणाऱ्या वीस लाख लोकांना मिळायची, हा मला मोठा फरक वाटतो. २०१४ मध्ये ॲपलने यू-टू या बँडचा अल्बम सगळ्यांच्या खात्यात ढकलला तेव्हा लोक केवढे चिडले आठवतंय ना? तो काढून टाकायला ॲपलला वेगळं पान बनवावं लागलं. एवढा राग वाईट अल्बमवर कोणी काढत नाही.

रेकॉर्डवाली_गल्ली

+१. पुठ्ठ्याचं पाकीट निदान फेकता तरी येत होतं.

तिरकस_तारा

फेकायचं म्हणजे कुठे, हाच माझा प्रश्न! घर बदलतेय, असा एक खोका निघालाय. चॅरिटी शॉपच्या दारावर पाटी: 'पेपरबरोबर आलेल्या सीडी-डीव्हीडी घेत नाही'. घरच्या पुनर्वापराच्या निळ्या पेटीतही चालत नाहीत म्हणे.

हक्कदार

तबकडी पॉलिकार्बोनेटची, वर ॲल्युमिनियमचा थर आणि लाखेसारखा लेप. साध्या प्लास्टिकबरोबर वितळवता येत नाही. काउन्सिलच्या मोठ्या कचरा केंद्रावर काही ठिकाणी वेगळा डबा असतो, आधी फोन करून विचारा. पुठ्ठ्याची पाकिटं मात्र कागदात जातात, ती वेगळी काढा.

टेम्सकाठचा_टवाळ

किंवा कोबी लावा.

लेस्टरची_मावशी

तारा, थांब, टाकू नकोस! त्या खोक्यात १९६० च्या आधीची जॅझ-ब्लूजची असतील ती मला हवीत. बिली हॉलिडेची एक आमच्या नातवाने खिडकीतून भिरकावली. पोस्टाचा खर्च मी देते. साठनंतरच्या नकोत, त्या धागाकर्त्याला पाठव.

सुई_अडकली

मला का!!

तिरकस_तारा

मावशी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, पत्ता पाठवा. जॅझच्या सात-आठ दिसतायत, एक सीलबंद आहे. 'रोमँटिक पियानो' तीन निघाल्या, त्या कोणाला?